खेळाडूंची नावे छापा, गावासकट

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमचे गाव मांजरा नदीच्या काठी आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत नदी शिवारात शिरली आणि काढणीला आलेले सोयाबीन चिखलात गेले. जे हाती लागले ते डागी म्हणून आडतीवर पडत्या भावाने विकले गेले. त्याविषयी आपल्या दैनिकात भरपूर छापून आले आहे आणि त्यात भर घालण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. हे पत्र एका लहानशा बातमीविषयी आहे, किंवा खरे म्हणजे त्या बातमीत जे नव्हते त्याविषयी आहे.

हरभऱ्याला पहिले पाणी द्यायचे होते आणि विजेची पाळी रात्रीची होती, म्हणून मी आखाड्यावर मुक्कामाला होतो. तिन्हीसांजेला शेजारच्या शेतकऱ्याची मुलगी तुषारचे पाईप परत द्यायला आली. पाईप खांद्यावरून उतरवताना पाहिले, तर तिचे दोन्ही कोपर खरवडलेले होते आणि पावले टाकताना ती एका गुडघ्यावर जोर देत नव्हती. गाडीवरून पडलीस काय, असे विचारले, तर म्हणाली, "नाही आबा, खो-खोच्या मॅचला लागलं." खोदून खोदून विचारल्यावर कळले, की ही पोर विद्यापीठाच्या मुलींच्या संघात निवडली गेली आहे आणि परराज्यात सामने खेळून दोन दिवसांपूर्वीच घरी आली आहे. तिच्या वडिलांना फक्त एवढेच ठाऊक होते, की "कालेजचं कायतरी खेळाय गेलती." गावात तर कोणालाच काही ठाऊक नव्हते.

"पेपरात आलं होतं की," असे म्हणून तिने एसटीच्या पासच्या प्लास्टिकच्या पाकिटातून घडी घातलेले एक कात्रण काढले. ज्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून तिची निवड झाली, त्या स्पर्धेची ती बातमी होती. विजेरीच्या उजेडात मी ती दोनदा वाचली. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्राचार्य, उपप्राचार्य, क्रीडा संचालक, सूत्रसंचालन करणारे, आभार मानणारे आणि "यांची उपस्थिती होती" या शब्दांच्या आधी येणारे सर्वजण मिळून एकंदर सतरा नावे त्यात होती. खेळाविषयी एकच वाक्य होते: अत्यंत चुरशीच्या लढतीत यजमान संघाने बाजी मारली. किती गुणांनी, कोणी किती मिनिटे पळती केली, कोणी किती गडी टिपले, यांपैकी काहीही नव्हते, आणि मैदानावर पळालेल्या एकाही मुलीचे नाव नव्हते. बातमी कोणत्या दैनिकातली होती हे सांगण्याचे कारण नाही, कारण ही बातमी सगळीकडे अशीच येते; मी स्वतः अनेक वर्षे शिक्षक होतो आणि शाळेच्या कार्यक्रमांच्या अशाच बातम्या माझ्या हाताने लिहून वार्ताहरांकडे पाठवलेल्या आहेत. तेव्हा हा दोष मी माझ्यापासूनच मोजतो आहे.

ते कात्रण वाचताना मला परदेशातले एक साप्ताहिक आठवले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता लेकीकडे अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरी गेलो आणि नोव्हेंबरपर्यंत तिथे राहिलो. तो महिना आपल्या देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. इकडून रोज फोन यायचा, की फुले गळाली, शेंगा भरत नाहीत. आणि तिकडे जिकडे पाहावे तिकडे आमचेच पीक उभे होते. एका वर्षी मका आणि दुसऱ्या वर्षी सोयाबीन, अशी त्या मुलखाची फेरपालट आहे. जमिनीची आखणी एकेका चौरस मैलाची, म्हणजे ६४० एकरांची, आणि दर मैलाला सरळ रस्ता. सरासरी शेतकऱ्याकडे हजाराच्या आसपास एकर जमीन आहे, ती बाप आणि मुलगा दोन-तीन अवजड यंत्रांच्या जिवावर कसतात. बांध म्हणून काही दिसला नाही. बांधाच्या भांडणात आयुष्याची पंधरा वर्षे कोर्टात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे पाहून काय वाटले असेल, ते मराठवाड्यातल्या वाचकांना सांगावे लागणार नाही.

त्या राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास आहे, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या एकट्या लातूर जिल्ह्यापेक्षाही कमी. तिथे व्यावसायिक फुटबॉलचा (म्हणजे अमेरिकी फुटबॉलचा, चेंडू हातात घेऊन पळण्याच्या खेळाचा) मोठा संघ नाही. आहे तो राज्य विद्यापीठाचा संघ, आणि त्याचे नाव "मक्याची कणसे सोलणारे" अशा अर्थाचे आहे. हाताने कणसे सोलण्याचे दिवस तिथे केव्हाच संपले, पण शंभराहून अधिक वर्षे ते नाव टिकून आहे. विद्यापीठाचे क्रीडांगण १९२३ सालचे, सुमारे पंच्याऐंशी हजार प्रेक्षकांचे. सामन्याच्या दिवशी ते राज्यातले तिसऱ्या क्रमांकाचे शहर होते, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात आणि हिशेबाने ते खरेही आहे. ३ नोव्हेंबर १९६२ पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटे विकली गेली आहेत, आणि २०२४ मध्ये अशा सलग सामन्यांची संख्या चारशेवर गेली. (अलीकडे कधीकधी उरलेली तिकिटे धनिक चाहत्यांनी घेऊन ही परंपरा राखली, असेही आहे, सप्त्याच्या पंगतीत कमी पडले की गावचा सावकार भर घालतो, तसलाच हा प्रकार.) आम्ही पोहोचल्यावर थोड्याच दिवसांनी, ३० ऑगस्ट २०२३ रोजी, त्याच मैदानावर विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना ठेवला होता. जावयाने तिकिटे काढली होती. त्या दिवशी ९२,००३ प्रेक्षक होते, आणि महिलांच्या खेळाला एका वेळी जमलेली ती जगातली विक्रमी गर्दी म्हणून नोंदली गेली. आमच्या पुढच्या रांगेतले वयस्क जोडपे उन्हाने रापलेले, हाताच्या बोटांना भेगा पडलेले, अगदी आपल्याकडच्यासारखे शेतकरी होते आणि त्यांना प्रत्येक मुलीचे नाव व गाव तोंडपाठ होते.

जावयाच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने आम्हाला काढणी पाहायला बोलावले, तो दिवस ३० सप्टेंबरचा, शनिवारचा होता. हा फुटबॉलचा हंगाम नेमका काढणीच्या हंगामातच येतो आणि सामने शनिवारी असतात. दव उडाल्याशिवाय आणि ओलावा तेरा टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय तिथे सोयाबीनमध्ये यंत्र घालत नाहीत. त्यामुळे दुपार होता होता काम सुरू झाले आणि थोड्याच वेळात सामनाही. यंत्राच्या काचेच्या खोलीत मी त्याच्या शेजारच्या लहान आसनावर बसलो होतो. समोर दाते फिरत होते, मागच्या टाकीत दाणे खळखळत होते आणि रेडिओवर सामन्याचे समालोचन चालू होते. तो खेळ मला शेवटपर्यंत नीट कळला नाही. त्याने समजावले, की चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचे, म्हणजे आणखी चार डाव मिळतात, आणि असे करत करत दुसऱ्याच्या हद्दीच्या टोकापर्यंत जायचे. मी म्हटले, हा तर बांध कोरायचा खेळ झाला! जावयाने त्याचे भाषांतर केले, पण ज्याच्याकडे बांधच नाही त्याला त्यात हसण्यासारखे काही सापडले नाही.

त्या दिवशी त्यांचा संघ मिशिगनकडून ४५ विरुद्ध ७ असा हरला. धुव्वाच उडाला म्हणायचा. सात गुण मिळाले तेही अगदी शेवटी, सामना हातातून कधीच गेल्यावर. तरी त्या माणसाने रेडिओ बंद केला नाही. ट्रकमध्ये धान्य रिकामे करताना यंत्राचा आवाज वाढायचा, तेव्हा तो कान रेडिओला लावायचा. संघातला एक मुलगा दोन गावे पलीकडचा आहे, त्याचा बाप जनावरे पाळतो आणि मुलगा शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःच्या खर्चाने संघात दाखल झाला आहे, हे त्याने मला दोनदा सांगितले. खेड्यातल्या मुलांना असे दाखल करून घेण्याची तिथे जुनी प्रथा आहे. टॉम ऑस्बोर्न १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षे प्रशिक्षक होते. त्यांच्या संघांनी १९९४, १९९५ आणि १९९७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, आणि पुढे लोकांनी त्यांना अमेरिकी संसदेवरही पाठवले. त्यानंतर विजेतेपद नाही. आम्ही गेलो तेव्हा तर २०१६ नंतर एकाही हंगामात हारपेक्षा जीत जास्त झालेली नव्हती. तरी क्रीडांगण भरत होते आणि यंत्रांत रेडिओ वाजत होते.

परतीच्या वाटेवर एका लहान गावातल्या चहा-नाश्त्याच्या दुकानात थांबलो, तिथल्या टेबलावर ते साप्ताहिक पडले होते. आठ-दहा पानांचे असेल. त्यातले दीड पान जवळपासच्या शाळांच्या सामन्यांनी भरलेले होते. तिथली खेडी ओस पडत चालली आहेत, शाळेत अकरा जणांचा संघ भरत नाही, म्हणून लहान शाळा आठ-आठ जणांचा फुटबॉल खेळतात, आणि काही ठिकाणी तर सहा-सहा जणांचा. पण जे आठ खेळले त्या आठांची नावे छापलेली होती, राखीव बसलेल्यांचीही होती, आणि कोणी काय केले तेही होते. एका कोपऱ्यात चौकटीत दुरुस्ती होती: मागच्या अंकात एका मुलीच्या आडनावात एक अक्षर चुकले होते, त्याबद्दल दिलगिरी. प्राचार्यांचे नाव मी शोधले, ते सापडले नाही.

विद्यापीठ आणि शेतकरी यांचे तिथले नाते अर्थातच फुटबॉलने सुरू झालेले नाही. १८६२ मध्ये अब्राहम लिंकन यांच्या सहीने झालेल्या कायद्यान्वये प्रत्येक राज्याला सरकारी जमीन देण्यात आली. ती विकून येणाऱ्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढायची होती. नेब्रास्काचे विद्यापीठ १८६९ चे, त्याच कायद्याचे अपत्य. आपली कृषी विद्यापीठेही त्याच साच्यातली आहेत. १९६० साली पंतनगरला पहिले निघाले. परभणीचे १९७२ चे. आपल्याकडे पिवळे सोयाबीन रुजवण्याचे काम १९६० च्या दशकात पंतनगर आणि जबलपूर येथे इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने झाले, आणि पुढे परभणीने एमएयूएस ७१, एमएयूएस ६१२ असे वाण दिले, जे आमच्या गावात आजही नावाने मागितले जातात. बियाण्याच्या पिशवीपुरते विद्यापीठ आमच्या घरात आलेले आहे. मुलेही तिथे शिकतात. पण विद्यापीठाचा एखादा संघ जिंकला किंवा हरला म्हणून आमच्या पारावर कधी कोणाचा चहा थंड झाला आहे, असे मला आठवत नाही.

तिकडचे सगळेच घ्यावे असे मी म्हणत नाही. तिथल्या बऱ्याच राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा विद्यापीठाचा प्रशिक्षक असतो. राज्यपालांपेक्षा कितीतरी पट जास्त. २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसा मिळवू शकतात आणि २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट मोबदला देऊ लागली आहेत. दूरचित्रवाणीच्या पैशासाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्पर्धक संघांशी असलेले सामने मोडीत निघाले. डोक्याला मार बसून पुढे आयुष्यभर त्रास होणारे खेळाडू आहेतच. हा पसारा आपल्याला झेपणारा नाही आणि नकोही आहे.

काही वाचक म्हणतील, सोयाबीन पाण्यात गेले आहे, सरकारचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आणि आडतीवर त्याहून कितीतरी कमी, अशा वेळी या गुरुजींना खो-खो सुचतो आहे. त्यांच्यासाठी शेजारच्या आयोवा राज्यातली एक गोष्ट सांगतो. १९८० च्या दशकात त्या मुलखात शेतीवर मोठे संकट आले. व्याजाचे दर चढले, जमिनीच्या किमती कोसळल्या, कर्जापायी पिढीजात शेते लिलावात गेली आणि आत्महत्याही झाल्या. १९८५ मध्ये आयोवा विद्यापीठाचा फुटबॉल संघ देशात पहिल्या क्रमांकावर होता आणि त्याचे सामने देशभर दाखवले जात होते. त्यांचे प्रशिक्षक हेडन फ्राय यांनी खेळाडूंच्या शिरस्त्राणांवर एक गोल पिवळी चकती चिकटवली, तिच्यावरच्या तीन अक्षरांचा अर्थ होता, "अमेरिकेला शेतकरी हवे आहेत." त्याने कोणाचे कर्ज फिटले नाही. पण ज्या शहरांत शेतीचा विषय कोणी काढत नव्हते, तिथल्या घराघरांत ती चकती दर आठवड्याला दिसू लागली, आणि आजही ती त्या संघाच्या शिरस्त्राणावर आहे. शेतकऱ्यांना जो संघ आपला वाटत होता, त्यालाच हे सुचले आणि शोभले.

आपल्याकडे प्रेक्षक नाहीत, हे तर मी मुळीच मान्य करणार नाही. आमच्या यात्रेतल्या कुस्त्यांना पाच-सहा गावांची माणसे लोटतात. रेवड्यांच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत दुपार ते दिवेलागण कोणी जागचे हलत नाही. आणि तिथे हलगी थांबवून ध्वनिक्षेपकावर पुकारा कसा होतो, ते आठवा: पैलवानाचे नाव, लगेच त्याचे गाव, मग तालीम, मग वस्ताद. पंच आणि पुढारी यांचे सत्कार होतात, नाही असे नाही, पण गाव ऐकल्याशिवाय लोक पैलवानाला मातीत उतरू देत नाहीत. १९६९ चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार म्हटले, की जुन्या माणसाच्या तोंडून रामलिंग मुदगड हे नाव आपोआप निघते. अविनाश साबळे यांनी २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळवले, तेव्हा आष्टी तालुक्यातले मांडवा कुठे आहे हे साऱ्या मराठवाड्याला कळले. ते बारावीनंतर लष्करात गेले आणि त्यांच्या पायांची पारख तिथे झाली. खो-खोत धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. म्हणजे मुली पळतात, मैदाने आहेत, बघणारेही आहेत. मधला दुवा तुटलेला आहे, आणि तो जोडण्याचे निम्मे काम आपल्या हाती आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची बातमी देताना दोन्ही संघांतल्या खेळाडूंची नावे, त्यांची गावे आणि गुण द्यावेत, एवढीच माझी विनंती आहे. जागा अपुरी असेल तर सत्कारमूर्तींची नावे गाळावीत. त्यांना प्रसिद्धीची दुसरी साधने आहेत. महाविद्यालयांकडून येणाऱ्या मजकुरातच नावे नसतात, ही आपल्या वार्ताहरांची अडचण मी जाणून आहे. नावे नसलेला मजकूर छापला जाणार नाही असे आपण एकदा कळवले, तर पुढच्या वेळी यादी आपोआप येईल, हे मी अनुभवाने सांगतो.

विद्यापीठांच्या क्रीडा विभागांनीही हे पत्र वाचावे. खो-खोला दोन खांब, चुन्याची फक्की आणि शिट्टी यांपलीकडे काय लागते? विभागीय अंतिम सामना एखाद्या वर्षी तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावी, यात्रेच्या कुस्त्या होतात त्याच मैदानावर घेतला, तर हलगीवाले बोलवावे लागणार नाहीत, ते स्वतःहून येतील. मात्र तारखा सोयाबीनच्या काढणीच्या धामधुमीत ठेवू नयेत, कारण त्या दिवसांत आमच्या पोरी शेतात असतात आणि त्यांना सोडताना घरच्यांच्या जिवावर येते. आपल्याकडे यंत्रात रेडिओ नसला, तरी मळणीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. सामना त्यावर दाखवला आणि मराठीत कोणी धडपणे बोलणारा बसवला, तरी पुष्कळ होईल.

राहिले ते कात्रण. ते परत देताना माझ्या लक्षात आले, की बातमीच्या कडेच्या कोऱ्या पट्टीवर बारीक अक्षरात बॉलपेनने काही लिहिले आहे. तिच्या महाविद्यालयाच्या संघातल्या सगळ्या मुलींची नावे तिने ओळीने लिहून ठेवली होती, प्रत्येकीच्या पुढे गाव, आणि दोघींच्या पुढे, गावाचे नाव कोणाला कळणार नाही म्हणून की काय, तालुकाही. ती यादी मी माझ्या वहीत उतरून घेतली आहे. आपल्या क्रीडा प्रतिनिधींना हवी असल्यास मुलींची परवानगी विचारून लगेच पाठवतो.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
मांजराकाठचा एक निवृत्त शिक्षक व सोयाबीन उत्पादक